हानतो हं

"हानतो हं," असं आधी सांगून ते हातोडी मारायचे.

पुस्तकाची पाठ गोल यायची तर ती ठोकावी लागते, हे ग्रंथालयात लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. तुम्हालाही कदाचित नसेल. पुस्तक हातात घेतलं की त्यानं किती मार खाल्लाय ते कुठं दिसतं? आधी त्याची जुनी पाठ उचकटायची, टोच्यानं भोकं पाडायची, सुईदोऱ्यानं आवळायचं, खळ फासायची, हातोडीनं ठोकायचं आणि शेवटी लोखंडी प्रेसमध्ये घालून श्वास कोंडेपर्यंत दाबायचं. आमच्या बाइंडरमामांच्या हाताला हे काम शोभायचं. हात फावड्यासारखे. उजव्या हाताची करंगळी अर्धीच; उरलेली कटिंग मशीननं नेलेली.

श्रीरामपूरजवळचं बाजाराचं गाव आहे हे. गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी झाडलोट करते, पाणी भरते, पुस्तकं पुसते आणि नव्या पुस्तकांवर शिक्के मारते. मागच्या पडवीत मामांची जागा होती. ग्रंथालयाची पुस्तकं, शाळांची हजेरीबुकं, सोसायटीच्या वह्या, सगळं तिथंच शिवायचे.

माझं माहेर गोंदियाकडं. सातवीतून शाळा सुटली, दोन वर्षांनी लग्न झालं, आणि नवरा ट्रकवर होता म्हणून साखर कारखान्यांच्या या मुलखात आले. मी "काम करून राहिली" म्हटलं की इथं लोक हसायचे. म्हणून पहिले काही महिने मी बोलतच नव्हते.

कामाचा पहिला दिवस. मी पडवीत पाण्याची कळशी घेऊन गेले आणि मामांनी दाणकन हातोडी मारली. माझ्या हातून कळशी सुटली आणि मी दोन्ही हात डोक्यावर धरून खालीच बसले. आवाज थांबला. बऱ्याच वेळानं मी हात काढले तर ते माझ्याकडं बघत होते.

"कोन हानतं गं तुला?"

"कोणी नाही."

"बरं."

पुढचं पुस्तक घेतलं, हातोडी उचलली, आणि ती हवेतच धरून म्हणाले, "हानतो हं."

त्यानंतर आठ वर्षं, मी आसपास असले की प्रत्येक पुस्तकाआधी ते हे म्हणायचे. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला सवय आहे. कशाची, ते मला आणि त्यांना माहीत होतं.

आता तुम्हाला वाटेल, माणूस मायाळू असेल. तसं नव्हतं. गाव त्यांना टरकून असायचं. एका शिकल्यासवरल्या माणसानं पुस्तकातलं एक चित्र ब्लेडनं कापून नेलं. मामांनी त्याला मानेला धरून पडवीत आणलं, ते पान उघडलं आणि चित्राच्या जागी पडलेल्या चौकोनात त्याचं नाक घातलं. "बघ आता खिडकीतनं. काय दिसतंय?" तो माणूस गुदमरला तरी मान सुटली नाही. मी पदर तोंडात धरून उभी. "काहीच दिसत नाही," असं तो रडत म्हणाला तेव्हा सोडलं. "तेच की. मागनं वाचनाऱ्याला बी काहीच दिसनार न्हाई."

माझ्या नवऱ्याचंही सांगते, कारण ते टाळून मामांचं चित्र पुरं होणार नाही. नवरा दोन-तीन महिन्यांनी उगवायचा आणि मी असेन तिथून मला ओढत न्यायचा. एकदा भर दुपारी वाचनालयात येऊन त्यानं माझी वेणी धरली. पेपर वाचणारे पेपर वाचत राहिले. मामा पडवीतून आले, हातात प्रेसमध्ये घालायची लाकडी फळी. त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "तोंड तिकडं कर. हानतो हं."

मी तोंड फिरवलं. कान थोडेच फिरतात? पहिला आवाज फळीचा. दुसरा हाडाचा. तिसरा, नवरा पेपरांच्या स्टँडवर पडला त्याचा. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण खोटं लिहून काय करू? त्यानंतर तो या गावात दिसला नाही.

मामा पडवीत जाऊन बसले. सुईत दोरा ओवायला घेतला, ओवता येईना. मी ओवून दिला.

"मला हे लई चांगलं येतं," फळीकडं बघून ते म्हणाले. "माज्या पोराला बी असाच हानायचो. त्याला आदी सांगत न्हवतो."

मुलगा पुण्याला होता. घर सोडून गेल्यापासून बापाशी बोललेला नव्हता. त्याचं चुकलं असं मामा कधीच म्हणाले नाहीत.

हा माणूस कॉमिक वाचायचा.

दर दोन-तीन महिन्यांनी ते एसटीनं शिर्डीला जायचे. दर्शनाला नाही, रद्दीला. लांबून आलेली माणसं पोरांना प्रवासात कॉमिक घेऊन देतात आणि लॉजच्या गादीखाली विसरून जातात. लॉजवाले ती रद्दीत टाकतात. हिंदी, गुजराती, तेलुगू, तमिळ, कुठकुठली. मामा पोतं भरून आणायचे. फाटकी जुळवायची, पाच-सहा मिळून एक ग्रंथ शिवायचा, वर उरलेलं लाल-निळं कापड आणि पाठीवर सोनेरी रेघ. जी निगा कथा-कादंबऱ्यांची, तीच यांची. उलट जरा जास्तच. असे एक्केचाळीस ग्रंथ पडवीतल्या पेटीत होते.

मला आधी ती बघवायची नाहीत. पानोपानी मारामारी. तलवारी, ठोसे, मुंडकी. मी म्हटलं, "मामा, एवढं हाणामारीचं कशाला वाचता?"

"मी वाचत न्हाई, तपासतो," ते म्हणाले. "ह्ये बघ. ह्यानं ठोसा मारला आन् खांदा जागचा हालला न्हाई. नुसत्या मनगटानं कुनाचं दात पडत्यात व्हय? आन् ह्यो रक्ताचा रंग. जखम कालची, आन् रक्त अजून लालभडक. रक्त वाळलं की चहाच्या डागावानी दिसतं. काढनाऱ्यानं मार बघितलेलाच न्हाई."

"मग हे वाईट?"

"ह्ये वाईट. समदं न्हाई."

मग त्यांनी एक तेलुगू ग्रंथ काढला. त्यात दोन भाऊ भांडतात. थोरला धाकट्याला मारून टाकतो. ती मारामारी चार पानं चालते. आणि नंतरच्या पानावर एकच मोठं चित्र: थोरला पायरीवर बसून स्वतःच्या तळहाताकडं बघतोय. बोलण्याचा फुगा नाही, अक्षर नाही. नुसता माणूस आणि त्याचा हात.

"ह्ये काढनारा मार खाल्लेला तरी हाय, न्हाईतर दिलेला तरी," मामा म्हणाले. "ह्याला म्हनायचं साहित्य."

त्यांच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. त्याची गोष्ट त्यांनी खळ शिजवता शिजवता सांगितली. लहानपणी बापानं त्यांची कॉमिकं सापडल्यावर आधी सायकलच्या ट्यूबनं फोडून काढलं, मग ती सगळी अंघोळीच्या बंबात घातली. यांनी पेटत्या बंबात हात घालून एक ओढून काढलं. "बाप त्याच पान्यानं अंघूळ करून कामावर गेला," ते म्हणाले आणि खळ ढवळत राहिले. "पानी चांगलं तापलं आसंल."

माझं वाचन त्या पेटीतून सुरू झालं. अक्षरं येत होती, पण ओळींवर ओळी भरलेलं पान बघितलं की मला गर्दीत ढकलून दिल्यासारखं वाटायचं. कॉमिकमध्ये फुग्यात दोनच ओळी. त्या संपल्या की चित्र हात देतं. मामा म्हणायचे, "अडली तर चित्राला इचार." वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी पहिलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं ते कॉमिक होतं, आणि ते मिटल्यावर मी पडवीच्या खांबाला धरून रडले. पुढं कादंबऱ्याही वाचल्या. पण दार ते होतं. हे लिहितेय तेही त्याच दारातून.

आता त्यांची दुसरी सवय. कोणी एखाद्या पुस्तकाची थोरवी सांगू लागलं की मामा हात पुढं करायचे. "मळ दाखव."

पुस्तक वाचलं की पानाच्या खालच्या कोपऱ्याला बोटांचा मळ लागतो. बाइंडर पुस्तक कापायच्या आधी आडवं धरतो तेव्हा त्याला कडेवर तो मळ दिसतो: कुठपर्यंत वाचलंय, कुठं सोडलंय, कुठं परत परत आलेत. नावाजलेली कितीतरी पुस्तकं तिसाव्या पानानंतर कापसासारखी पांढरी असतात. आपल्या ग्रंथालयातलं एखादं काढून बघा. कॉमिकांच्या ग्रंथांना मात्र शेवटच्या पानापर्यंत काळी किनार. गावातली पोरं पडवीत बसून ती वाचायची, शेंगदाणे खात, नाक पुसत.

त्या तेलुगू ग्रंथात मामांची एकदा चूक झाली. सुट्टी पानं होती, त्यावर आकडे नव्हते. मागचा गठ्ठा पुढं शिवला गेला. तासाभरात तीन पोरं ओरडत आली. "ओ बाइंडर, ह्यो मेलेला भाऊ जेवाया कसा काय बसला?" तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं त्यांना. मामांनी स्वतःच्या कानाखाली वाजवून घेतली, खरोखर, फाडकन, आणि तिघांच्या पाठीवर थाप मारली. तो ग्रंथ त्याच दिवशी उसवून पुन्हा शिवला. दिवसभर खूष होते. मला कळेना, चूक सापडली तर माणूस खूष कसा होतो?

ते कळलं गेल्याच्या गेल्या वर्षी, कार्यकारी मंडळाच्या बैठकीत.

मामांची साठी उलटून गेली होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. त्यांची एकच इच्छा होती: त्या एक्केचाळीस ग्रंथांना ग्रंथालयाचा दाखल क्रमांक मिळावा. दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक म्हणजे पुस्तक. ते सहजी रद्दीत जात नाही. काढायचं तर मंडळाचा ठराव लागतो, कारण लिहावं लागतं. आणि जे चढलं नाही ते बाइंडर गेल्यावर दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर. त्यांनी अर्ज दिला. अर्ज मीच लिहिला होता, चार वेळा फाडून.

अध्यक्ष म्हणजे आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. मला कामावर त्यांनीच घेतलं, हे मी विसरत नाही. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"हे पाहा, कॉमिक म्हणजे साहित्य नव्हे. यात माणूस माणसाला मारतो आणि पान उलटलं की विसरतो. कादंबरीत मारणारा पुढं झुरतो. ते झुरणं म्हणजे साहित्य. मुलांच्या हातात नुसती हाणामारी द्यायला ग्रंथालय आहे का हे?"

मला त्यांचं बोलणं अगदीच खोटं वाटलं नाही. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. पण त्या पायरीवर बसलेल्या भावाचं काय, असं माझ्या मनात आलं आणि मी कप मोजत राहिले. बोलले असते तर नोकरी गेली असती, असं तेव्हा वाटलं.

मामांनी पडवीतून आणलेल्या पेटीतला तो तेलुगू ग्रंथ उघडून तळहाताचं पान पुढं केलं. सरांनी बघितलं नाही. भिंतीच्या कपाटाकडं बोट केलं. "साहित्य ते. ती लढायांची कादंबरी घ्या. तीनदा वाचली मी. नायक पडतो ते प्रकरण वाचताना प्रत्येक वेळी डोळ्यांना पाणी येतं."

"मळ दाखवा," मामा म्हणाले.

"काय?"

मामांनी कपाटातून ती जाडजूड कादंबरी मानेला धरून काढली आणि टेबलावर आदळली. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी होती. सरांचा सभासद क्रमांक तीनदा. मग कड दाखवली. सुरुवातीची पानं काळपट, पुढं सगळं पांढरं.

"नायक पडतो ते परकरन काढा, सर."

सरांनी काढलं.

"आता त्याच्या फुडचं पान."

सरांनी पान उलटलं. वाचलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. पुढच्या पानावर नायकाचं लग्न होतं. वाजंत्री, वरात, आणि तो स्वतः घोड्यावर.

"सोळा-सोळा पानांचं दोन फर्मे उलटसुलट शिवलेत," मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "माजी चूक. पोरगं घर सोडून गेलं त्या दिवशी हे शिवत हुतो. चिकटवल्यावर कळलं. म्हनलं, असू दे, कुनीतरी वाचंल आन् यील माज्या कानाखाली वाजवाया. अकरा वर्सं वाट बघितली, सर. तीस जनांनी न्हेलं ह्ये पुस्तक. कुनी आलं न्हाई. त्या शेंबड्या पोरांनी तासाभरात पकडलं मला, न येनाऱ्या भाषेत. आता तुमीच सांगा, साहित्य कंचं?"

सरांचा हात वर गेला आणि मामांच्या कानाखाली बसला. चाळीस वर्षं पोरांना मारलेला हात तो. आपोआप गेला असावा. कारण मारल्यावर सरच जास्त घाबरले.

मी डोळे मिटले. वाटलं, मामा आता सरांना सोडत नाहीत.

काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तर मामा गाल चोळत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "उशिरा का हुईना, बसली."

तिथंच संपलं असतं. पण सरांचा पुतण्या, मंडळाचा खजिनदार, उठला. "काकांना खोटं पाडतो का रे, म्हाताऱ्या?" म्हणून त्यानं पेटीला लाथ घातली. ग्रंथ फरशीवर पसरले. त्यानं टेबलावरचा तेलुगू ग्रंथ उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि मधून फाडायला घेतला. मामांचं बाइंडिंग ते. फाटेना. त्यानं दात खाल्ले. एक पान टर्रकन गेलं.

मामा माझ्याकडं वळले. "तोंड तिकडं कर," म्हणाले.

या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

पडवीच्या दाराशी टेकवलेली फळी त्यांनी उचलली आणि ती त्याच्या मनगटावर बसली. तो किंचाळला. दुसरी खांद्यावर. तिसऱ्याला त्यानं फळी धरली आणि मामांना छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. मामा मागं गेले, पडवीच्या उंबऱ्याला अडखळले आणि त्यांचं डोकं लोखंडी प्रेसच्या दांड्यावर आपटलं. तो आवाज मी अजून ऐकते. नारळाचा नव्हता, लाकडाचा नव्हता, कशासारखाच नव्हता. पुतण्यानं वर लाथ उगारली, तेव्हा मी हातातला ट्रे कपांसकट त्याच्या अंगावर फेकला. आयुष्यात मी कोणावर उगारलेली ती पहिली वस्तू. गरम चहा त्याच्या मानेवर गेला आणि तो मागं सरकला.

मामा भिंतीला टेकून बसले होते. कानामागून रक्त गळ्यात उतरत होतं, सदरा भिजत होता. त्यांनी ग्रंथ मांडीवर ओढला, फाटलेलं पान शोधलं. तेच पान होतं, तळहाताचं. फाटलेल्या दोन्ही कडा जुळवून त्यांनी वर कानामागची जखम चाचपलेला अंगठा दाबून धरला.

"डिंकाचं काम हाय," ते मला म्हणाले. "टाकं नकोत."

दोन सदस्यांनी त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. पुतण्या मनगट धरून गेला. सर खुर्चीत बसून होते. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "हे सगळं रद्दीत घाल. आजच. रद्दीवाला पाचला येतो ना, त्याला देऊन टाक."

"हो, सर."

घड्याळात तीन वाजले होते. मी काचा गोळा केल्या. रक्त पुसलं. मग आतून कडी लावली, पुन्हा जाऊन बघितली, आणखी एकदा बघितली, आणि दाखल नोंदवही टेबलावर घेतली.

या वहीला पानांचे आकडे छापलेले असतात. तिचं पान फाडता येत नाही. त्यात लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. अजूनही नाही. माझं अक्षर वाळूत कोंबडी नाचल्यासारखं. मी शेवटच्या क्रमांकाखाली पुढचा क्रमांक लिहिला आणि घामानं पेन निसटलं. पुन्हा धरलं. ग्रंथाचं नाव: मराठी-हिंदीची वाचून लिहिली. बाकीची वाचता येईनात, तर चित्र बघून लिहिली: "एकडोळ्या राक्षस", "पाण्याखालची लढाई", "दोन भाऊ". लेखक या रकान्यात "चित्रकार". प्रकार या रकान्यात थांबले. वरच्या नोंदींत कादंबरी, चरित्र, प्रवास असं काय काय होतं. मी एक्केचाळीस वेळा "साहित्य" लिहिलं.

मग शिक्के. पहिल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक, आणि एक मधल्या गुप्त पानावर. प्रत्येक ग्रंथालयाचं असं एक पान ठरलेलं असतं, चोरीला गेलेलं पुस्तक ओळखायला. आमचं कितवं ते लिहीत नाही. शिक्का शाईच्या गादीवर दाबला, वर उचलला, आणि हात हवेत थांबला. खोलीत कोणी नव्हतं. तरी मी मोठ्यानं म्हणाले,

"हानते हं."

एक्केचाळीस ग्रंथ, प्रत्येकी तीन. प्रत्येक वेळी म्हणाले. पाच वाजता रद्दीवाल्यानं दार वाजवलं तेव्हा खिडकीतूनच सांगितलं, आज काही नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. मामांचं डोकं बांधलेलं. मी अजून काही सांगायच्या आत म्हणाले, "सात टाकं घातलेत. शिलाई लई ढिली हाय. आमी आसं बाइंडिंग केलं तर लोक हानतील आमाला." मग मी वहीचं सांगितलं. त्यांनी माझा उजवा हात धरून उलटा केला. बोटांना शिक्क्याची जांभळी शाई होती. "मळ हाय," म्हणाले, आणि डोळे मिटले.

तक्रार कोणी केली नाही. केली असती तर भांडण कशावरून झालं ते लिहून द्यावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सर आले. वही उघडीच होती. उभ्यानं त्यांनी दोन्ही पानं वाचली. मी आधीच पिशवीत डबा आणि चपलांचा जोड भरून ठेवला होता.

"अक्षर कोणाचं?"

"माझं, सर."

त्यांनी वही मिटली. ठराव आणला नाही, मला काढलंही नाही. जाताना कपाटातली ती कादंबरी स्वतःच्या नावावर घेऊन गेले. तीन आठवड्यांनी परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. डोळे सुजलेले होते, वयानं असतील किंवा वाचनानं. "लग्न आधी यायला हवं," म्हणाले. "बाइंडरला सांगा." मी कड बघितली. पार शेवटपर्यंत बारीक करडी रेघ होती.

मामांना मी तिसगावला, त्यांच्या मुलीकडं, फोन करून सांगितलं. टाके निघाल्यावर मुलगी त्यांना तिकडं घेऊन गेली होती. सुई धरवत नव्हती, हात कापायचा. ते फोनवर खूप हसले, खोकला लागेपर्यंत. मुलगा येऊन गेला का, असं मी विचारलं नाही. पावसाळ्यानंतर मुलीचाच फोन आला. झोपेत गेले म्हणाली.

कादंबरीचे फर्मे अजून उलटेच आहेत. दुसऱ्या बाइंडरला द्यायचं माझ्या मनात येत नाही.

परवा पडवीत एक पोरगा "दोन भाऊ" घेऊन बसला होता. मी पाणी भरत होते. त्यानं मला हाक मारली. "मावशी, ह्ये बघ ना. समद्या पानांवर रक्त कसं लालभडक काढलंय. आन् ह्या एका पानावर चहावानी. काढनाऱ्याचं चुकलं ना?"

थोरला भाऊ पायरीवर बसून तळहाताकडं बघत होता. पान मी डिंकानं नीट जोडलेलं होतं. जोडावर तपकिरी, अंगठ्याएवढा, रेघारेघांचा डाग.

"हो, चुकलं असेल," मी म्हटलं. त्याला अजून वाळलेलं रक्त ओळखता येत नाही. येऊ नये.